हवेतली वहिवाट

जमिनीच्या बाबतीत कुमारराव शेडगे कुणाचं ऐकत नसत, आणि हवेच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मोजणी खात्यात उभी हयात गेलेली. भोर-वेल्ह्यात असा बांध सापडणं कठीण, ज्यावर उभं राहून त्यांनी दोन भावांना एकमेकांपासून लांब उभं केलं नसेल. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, म्हणजे किकवीहून आत वळल्यावर लागतं तिथं, राहायला आले. पण नजर मोजणीचीच राहिली. लग्नाला गेले तरी मांडवाचे खांब कुणाच्या हद्दीत रोवलेत ते आधी बघायचे आणि मगच अक्षता हातात घ्यायचे. गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणायचं. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मात्र त्यांनी कधी मोजलं नाही.

अशा माणसाच्या घरात इंटरनेटचे तीन पांढरे डबे आले आणि त्या डब्यांनी त्यांची अब्रू घेतली.

त्याचं असं झालं. मुलगा स्वरूप शिरवळच्या कारखान्यात लागला, तसं त्यानं आणि सून शेफालीनं पुण्याचं भाड्याचं घर सोडून गावी राहायचं ठरवलं. शेफालीची नोकरी कॉम्प्युटरवरची. तिच्या कंपनीनं सांगितलं, गावाकडून काम करून दाखवा. नेट टिकलं तर कायमचं घरूनच करा, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात रोज हजर व्हा. हजर व्हायचं म्हणजे पुन्हा बिऱ्हाड पुण्याला, आणि बिऱ्हाडाबरोबर राजनंदिनीही. ही राजनंदिनी म्हणजे कुमाररावांची नात. ती बालवाडीतून आली की आजोबांच्या मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरून अंगणभर पळायची. कुमारराव चारचौघांत म्हणायचे, ज्याला जायचंय त्यानं खुशाल जावं. पण रात्री रतनबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, विचारायचे, जातील का गं खरंच? रतनबाई म्हणायच्या, तुमी नेट तेवढं नीट लावा.

आता नेट नीट लावायचं तर घर कसं आहे ते समजून घ्यायला हवं. रस्त्याच्या अंगाला जुनं घर, काळ्या दगडाच्या जाड भिंतींचं. मागच्या अंगाला नव्या खोल्या, तिथं शेफाली काम करणार. आणि या दोहोंच्या मधून जाणारा एक बोळ. या बोळाच्या तोंडाशी रखमाजी शेडग्यांचं घर. रखमाजी हे कुमाररावांचे थोरले चुलतभाऊ. कागदोपत्री बोळ रखमाजींचा होता. कुमाररावांचं म्हणणं असं, की कागद चुकलाय आणि निम्मा बोळ आपला आहे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर कुमाररावांनीच त्याला कागद दाखवून गप्प केलं असतं. पण स्वतःच्या बोळाची गोष्ट वेगळी. या निम्म्या बोळापायी त्यांनी रखमाजींशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यांच्या ओट्याकडे उघडणारी आपल्या घराची खिडकी खिळे ठोकून बंद करून घेतली होती.

भोरहून नाथा आला. नेटची लाईन टाकणारा पोरगा, तोंडात तंबाखू, बोलायला मोकळा. त्यानं घर पाहिलं, भिंतीवर थाप मारली आणि सांगितलं की मोबाईलला नेट हवेतनंच मिळेल, त्याची काळजी नको; पण एक डबा पुढच्या घरात, एक मागच्या खोलीत, तर या डब्यापासून त्या डब्यापर्यंत वायर टाकावी. या दगडातनं डब्याला डबा हवेतनं बोलायचा नाही. वायर काय, बोळ ओलांडला की झालं.

बोळ ओलांडला की झालं, असं तो सहज म्हणाला. कुमाररावांचं मात्र तिथंच अडलं. वायर न्यायची तर रखमाजींना विचारायला हवं. आणि विचारलं, की बोळ त्यांचा आहे हे आपल्या तोंडानं कबूल केल्यासारखं झालं. न विचारता न्यावी, तर उद्या रखमाजीनं वर बघून विचारलं, ही कुणाची, तर काय सांगायचं? बोळातून चालत जाणं निराळं. पायाची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. वायरीची वहिवाट कुठं होती? त्यांनी नाथाला आवाज चढवून सांगितलं, की जग बिनतारी झालंय आणि तू तारा कसल्या सांगतोस. डब्याला डबा हवेतनंच जोडायचा. हवेला सातबारा नाही.

नाथानं तंबाखू थुंकली, डबे हवेतनं जोडले, आणि जाताना रतनबाईंना हळूच म्हणाला की लागलं तर फोन करा, लागणारच आहे.

पहिला डबा कुमाररावांनी जुन्या घरातल्या त्या बंद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कारण प्लगची सोय तिथंच होती. दुसरा मागच्या खोलीत, शेफालीच्या टेबलावर. तिसरा मधल्या मधे कुठंतरी ठेवून नेटला पुढं ढकलायचं, असा बेत. हा तिसरा डबा पुढं अख्ख्या घरात फिरला. रतनबाईंनी तो देवघरात ठेवू दिला, पण सकाळी पूजा करताना त्याच्या भोकांवरही हळदकुंकू वाहिलं. दिवा लागतो त्याला वाहायचंच, असं त्यांचं म्हणणं. मग तो स्वयंपाकघरात मांडणीवर गेला, पण तिथल्या स्टीलच्या डब्यांच्या रांगेत या डब्याचं काही चालेना. शेजारच्या गेनबांनी सल्ला दिला की उंचावर ठेवा, टॉवर बघा कसा उंच असतो. गेनबा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यांचा सल्ला मोडवेना. डबा गच्चीवर गेला. उन्हानं तापून बिघडू नये म्हणून कुमाररावांनी त्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं. त्या दिवशी तर मागच्या खोलीत मोबाईलवर सिग्नलची एकही कांडी येईना. शेफाली येऊन गच्चीवर बघते, तर घमेल्याखाली डबा, आणि घमेलं वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड. तिनं घमेलं काढलं आणि त्या जागी प्लॅस्टिकची टोपली ठेवली.

नेट यायचं, जायचं. कुमारराव दर थोड्या वेळानं मागच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, कांड्या किती? शेफाली हसून सांगायची, आहेत बाबा. दुपारी तिचे परगावच्या माणसांशी बोलायचे तास असत. तेव्हा कुमारराव जेवून आडवे होत. उठल्यावर विचारत, नेट टिकलं का? ती म्हणे, मी जरा बाहेर बसले होते, तिकडे मिळालं. बाहेर म्हणजे मागच्या लिंबाखाली, असं कुमाररावांनी धरलं. विचारलं नाही. विचारायची सवय फक्त दुसऱ्यांच्या हद्दीबद्दल होती.

मग एके सकाळी त्यांना बोळाच्या तोंडाशी पत्रे दिसले. रखमाजीनं दोन वासे रोवून चांगले लांबरुंद पत्रे उभे केले होते. कुमारराव तिथंच थबकले. गच्चीवरच्या घमेल्यानं शिकवलेला धडा त्यांच्या डोक्यात ताजा होता, की लोखंड नेटला आडवतं. आणि इथं तर अख्खी लोखंडाची भिंत. त्यांना सगळं एकदम लख्ख कळलं. नेट का येत नाही? रखमाजी येऊ देत नाही. दगडी भिंत निर्दोष ठरली, मांडणी निर्दोष ठरली, आणि स्वतः कुमारराव तर आधीपासूनच निर्दोष होते.

रतनबाई म्हणाल्या, "अवो, पत्रं आत्ता आलं. नेट आदीपासनं जातंय." पण बाईमाणसाला मोजणीतलं काय कळतं, असा चेहरा करून ते अर्ज लिहायला बसले.

अर्ज मोठा झोकात उतरला. सामनेवाले यांनी बोळात पत्रे उभे करून अर्जदाराच्या हवेतून जाणाऱ्या इंटरनेटच्या वहिवाटीस जाणूनबुजून अडथळा केला आहे, तरी समितीने जागेवर येऊन पाहणी करावी. हवेला सातबारा नाही असं म्हणणाऱ्या माणसानं महिन्याभरात हवेत वहिवाट काढली होती. पंचायतीत ग्रामसेविका वैष्णवी मॅडम बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं की काका, हवेची वहिवाट असते का? कुमाररावांनी त्यांना समोर बसवून समजावलं, की उजेडाचा हक्क असतो, वाऱ्याचा हक्क असतो, हा त्यातलाच तिसरा. मॅडमना ते पटलं की त्या दमल्या, हे सांगता येत नाही. आता अडचण अशी, की अर्ज नोंदवायचा कशात? पाणी, रस्ता, गटार आणि दिवाबत्ती एवढेच प्रकार होते. बराच खल होऊन शेवटी अर्ज दिवाबत्तीत गेला, कारण डब्याला दिवा असतो.

पाहणीसाठी मंगळवारची दुपार ठरली. घरी येऊन कुमाररावांनी ते सांगितलं तेव्हा शेफालीचा चेहरा उतरला. मंगळवारी दुपारीच तिची मोठी बैठक होती. परदेशातली माणसं बोलणार, तिचे वरचे साहेब ऐकणार, आणि गावाकडून काम चालतं की नाही ते त्यावरच ठरणार. ती म्हणाली, "बाबा, पाहणी बुधवारी ठेवा ना. त्या दिवशी मला शांतता लागेल."

कुमाररावांनी मान हलवली, पण दिवस बदलला नाही. आणि का बदलला नाही, ते सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं त्यात तेच त्यांना सगळ्यात जास्त बोचलं. त्यांच्या मनात आलं होतं की बरं झालं, ऐन बैठकीत नेट पडलं आणि ते पंचांनी डोळ्यांनी पाहिलं, तर यापरता पुरावा नाही. रात्रभर त्यांना झोप लागली नाही, पण ती काळजीनं नव्हे. नात राहावी म्हणून जीव टाकणारा माणूस त्या रात्री नेट पडावं म्हणून देवाला विनवत होता, आणि दोन्हींत काही विरोध आहे असं त्याला वाटतही नव्हतं.

मंगळवारी जेवणं आटोपून समिती आली. पुढं गेनबा, मागं चार पंच, त्यांच्या मागं वैष्णवी मॅडम, आणि त्यांच्या मागं गावातली ज्यांना काम नव्हतं अशी सगळी माणसं. नाथालाही कुमाररावांनी भोरहून साक्षीला बोलावून घेतलं होतं. सगळे बोळात दाटीवाटीनं उभे राहिले. कुमाररावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, हातात टेप, खिशात पेन. त्यांनी इकडून तिकडे मापं घेतली, पत्र्याची उंची घेतली, आणि हवा कुठून कुठं जाते ते हात पसरून दाखवलं. रखमाजी आपल्या ओट्याच्या खांबाला टेकून गुमान बघत होते. आत, मागच्या खोलीत, शेफालीची बैठक सुरू झाली होती. दाराआडून तिचा इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता.

तो आवाज मधेच थांबला. मग, हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, असं दोनदा आलं. मग काहीच नाही.

कुमाररावांचा चेहरा उजळला. वरात दारात आल्यासारखे ते हात वर करून ओरडले, "पडलं! बघा, पडलं! लिहून घ्या मॅडम, पडलं!"

आणि दार उघडलं. शेफाली दारात उभी होती, हातात उघडा लॅपटॉप. सासरे हात वर करून उभे, तोंडावर हसू. तिनं ते पाहिलं. तिनं ते पाहिलं हे कुमाररावांनी पाहिलं. वर केलेले हात खाली कसे घ्यायचे, ते त्यांना कळेना.

लोकांतून वाट काढत, पत्र्याला वळसा घालून ती थेट रखमाजींच्या ओट्यावर गेली. जाण्यात कुठं अडखळणं नव्हतं. रखमाजींची बायको ठकुबाई आतून खुर्ची घेऊन आलीच होती. शेफालीनं न बघता हात मागं नेला, तिथं बोर्डाला आधीच लावलेली चार्जरची वायर होती, ती लॅपटॉपला जोडली. कोपऱ्यात पाण्याची बाटली होती, तिचीच. ती बसली, केस मागं केले आणि बोलायला लागली. शब्द सलग, कुठं तुटणं नाही. बंद खिडकीमागचा पहिला डबा तिच्या पाठीशी हातभर अंतरावर होता; लाकडाच्या फळ्यांनी नेटला कधीच अडवलं नव्हतं.

गावातल्या कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही. गेनबा जमिनीकडे बघत होते. नाथा पत्र्याकडे. म्हणजे रोज दुपारी आपण घोरत असताना आपली सून कुठं बसते, हे गावात आपल्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं, हे कुमाररावांच्या हळूहळू ध्यानात आलं. ते ध्यानात येत असताना कान तापत गेले.

वैष्णवी मॅडमनी दबक्या आवाजात रखमाजींना विचारलं, की पत्रे कशासाठी उभे केलेत. रखमाजीही दबक्या आवाजातच बोलले, कारण पोरगी काम करत होती.

"ऊन येतंय वट्यावर दुपारचं," ते म्हणाले. "तिला त्यो काम्पुटर दिसंना. म्हून लावलं."

लिहून घेण्यासारखं एवढंच होतं. मॅडमनी ते लिहिलं नाही. कुमाररावांना काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून ते नाथाकडे वळले आणि म्हणाले की तूच तेव्हा नीट समजावून सांगितलं असतंस, तर वायर टाकून मोकळे झालो असतो. तसे रखमाजी खांबापासून सरळ झाले.

"त्याला कशाला बोलतूस? वायरीचं तुझी सून कवाच इचारून गेलीया. म्या व्हय म्हणलो हुतो त्याच दिशी. तीच म्हणली, बाबा आपल्या तोंडानं इचारतील तवाच टाकू. त्यांच्या माघारी न्हाई टाकायची."

ओट्यावरून शेफालीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी समजावून सांगत होती, आणि पलीकडची माणसं ऐकत होती. कुमाररावांना आता सगळा हिशेब दिसला. होकार तिच्या पदरात होता. वायर एका दिवसात पडली असती. पण सासऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती महिनाभर दुसऱ्याच्या ओट्यावर बसली, नोकरी धोक्यात घातली, आणि रोज दारात येऊन कांड्या विचारणाऱ्याला हसून सांगत राहिली की आहेत. आणि आपण, तिची बैठक मोडली म्हणून, हात वर केले.

अशी लाज त्यांना उभ्या नोकरीत वाटली नव्हती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण खालची धरणी रखमाजींची होती, हेही त्यांना आता नाकारवेना. ते टेप गुंडाळायला लागले. राजनंदिनी कुठूनशी येऊन टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली, आजोबा काय मोजतात म्हणून. त्यांनी तिला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. मग ते ओट्याच्या पायरीपाशी गेले. कित्येक वर्षांत इतक्या जवळ गेले नव्हते.

"दादा," ते म्हणाले, "तुमच्या बोळातनं वायर नेऊ का?"

तुमच्या, हा शब्द त्यांनी मुद्दाम मोठ्यानं म्हटला, पंचांना ऐकू जावा म्हणून. पण तो फारसा मोठा निघाला नाही.

"ने की," रखमाजी म्हणाले. "फकस्त पुरून ने. वरनं नको, म्हस अडकंल."

बैठक संपली तेव्हा समिती आपापल्या घरी गेली होती. बोळात फक्त कुमारराव होते, आणि त्यांच्या हातात कुदळ होती. ठकुबाईंनी शेफालीला चहा दिला, आणि एक कप पायरीवर ठेवून दिला, कुणाचं नाव न घेता. कुमाररावांनी तो घेतला. शेफाली जवळ येऊन म्हणाली की झालं बाबा, साहेब हो म्हणाले, आता पुण्याला जायचं नाही. त्यांना म्हणायचं होतं, मला माफ कर. ते म्हणाले, "चर किती खोल घेऊ?" ती म्हणाली, हातभर पुरे. आणि थोडं थांबून, "उन्हात करू नका, पत्र्याच्या सावलीत या."

दुसऱ्या दिवशी नाथानं पाइपातून वायर ओढली. डब्याला डबा जोडला गेला आणि मागच्या खोलीत नेट असं बसलं की हलेना. तिसरा डबा रतनबाईंनी देवघरात नेऊन ठेवला. आता त्याचं काही काम नव्हतं, पण त्याची सवय झाली होती.

राहिला अर्ज. तो दिवाबत्तीत तसाच पडून होता, आणि मागं घ्यायचा तर कारण लागत होतं. कुमारराव पंचायतीत गेले. वैष्णवी मॅडमनी कागद पुढं सरकवला. कुमाररावांनी चष्मा लावला, बराच वेळ विचार केला आणि कारणापुढं लिहिलं, 'अर्जदारास लाज वाटल्यामुळे.'

मॅडमनी ते वाचून मान हलवली. असं चालत नाही, त्या म्हणाल्या. उभयपक्षी समेट झाला असं लिहा, सगळे तेच लिहितात, समितीच्या खात्यावर एक तंटाही मिटलेला दिसेल.

"मॅडम, समेट व्हायला दोघांनी भांडावं लागतं," कुमारराव म्हणाले. "दादा भांडलेच नाहीत."

कुमाररावांनी त्या कारणाखाली पूर्ण नावानिशी सही केली, आणि सही नीट दिसते की नाही ते एकदा बघून कागद मॅडमकडे परत दिला.